एकशेदोन फुटांवरची नदी

१४ मार्च २०२४, गुरुवार

यंत्र आलं. दोन ट्रंका, तारेचं एक भलं मोठं रीळ आणि स्वरालीची सात पानी सूचनावली. पान चारवर लिहिलंय, "आई, कृपया घाई करू नकोस." स्वतःच्या आईला लेखी कृपया! हैदराबादच्या संस्थेत चार वर्षं काढली की माणसाचं असं होत असावं. मी तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, हे पोरगी सोयीनं विसरते. रोजची वही ठेव, असंही तिनं बजावलंय. यंत्राचे आकडे संगणकात आपोआप उतरतात, त्यामुळं वहीत बाकीचं लिहीन.

बाकीचं म्हणजे हे. आमची सोसायटी शहराच्या टोकाला, सातारा परिसर नावाच्या भागात, नाव मेघमल्हार. बेचाळीस फ्लॅट आणि नळ कोरडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मंगल कार्यालयं आली, शोरूम आल्या, जलवाहिनी येणार आहे. ती येणार आहे हे मी इथं राहायला आल्यापासून ऐकतेय. तोवर गयासभाईचा टँकर दिवसातून दोनदा येतो, गेटजवळच्या जमिनीखालच्या हौदात पाणी सोडतो आणि तिथून ते मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढतं. यंदा दुष्काळ. दोन खेपा पुरेनाशा झाल्यात, म्हणून नवी बोअर घ्यायची ठरलंय. एकच. दुसरीची ऐपत आणि उत्साह दोन्ही नाही.

कुठं घ्यायची ते मी सांगणार. २०१३ मध्येही मीच सांगितलं होतं. ती बोअर तीन महिने चालली. तेव्हापासून सोसायटीतली लहान मुलंसुद्धा तिला "मॅडमची बोअर" म्हणतात. कुणाच्या घरी कुकर बिघडला तरी म्हणतात, मॅडमची बोअर झाला. मी हसते. मला अजिबात हसू येत नाही. यंदा माझा शब्द खरा ठरला पाहिजे, बस्स.

१७ मार्च, रविवार

आज सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथराव एका पाणाड्याला घेऊन आले. मला न विचारता. म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र तर आहेच. पण दोन्हीकडून बघितलेलं बरं."

पाणाड्या देवगाव रंगारीचा, पुंडलिक नाव. धोतर, टोपी, पायांत नवे कोरे बूट. तळहातावर नारळ आडवा ठेवून पूर्ण आवारात फिरला. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. माझ्या जुन्या बोअरजवळ, हौदापासून दहाएक पावलांवर, नारळ उभा राहिला. टाळ्या पडल्या. तळमजल्यावरच्या वच्छलाबाईंनी तर तिथं हळदकुंकू वाहिलं.

मी विचारलं, "पुंडलिकराव, खाली काळा कातळ आहे. नारळाला कसं कळतं?"

"नारळात बी पानीच हाय ना मॅडम. पान्याला पानी वळखतं." वर मलाच विचारतो, "तुमच्या तारेत काय हाय?"

"काच."

"आरारा," म्हणाला. एवढंच.

१८ मार्च, सोमवार

माझ्या जुन्या बोअरचं केसिंग, म्हणजे आतली लोखंडी नळी, वाकलंय, मोटर आत उतरत नाही. तार मात्र बोटाएवढी, ती सुरसुरत गेली. वॉचमन सांडूनं रीळ धरलं. दोनशे फुटांपर्यंत सोडली.

सांडूला समजावून सांगितलं. तारेच्या पोटात केसाएवढा काचेचा तंतू आहे. त्यातून प्रकाश सोडला की तो परत येताना दर अर्ध्या मीटरचं तापमान सांगतो. सोबत धातूची तार आहे, ती आपण दोन तास तापवायची. पाणी उभं असेल तिथं तार तापत जाते. पाणी वाहत असेल तिथं ते ऊब घेऊन पळतं आणि तार गारच राहते. बशीतल्या चहावर फुंकर घालतो ना, तसं.

सांडू सगळं ऐकून म्हणाला, "व्हय. पण मॅडम, पानी तापवून काय करायचं? इथं आंघोळीला गार बी मिळंना."

शास्त्रीय पद्धत म्हणजे शास्त्रीय पद्धत. मोजमाप चालू असताना आसपासचा एकही पंप चालता कामा नये, नाहीतर खालचं पाणी त्याच्याकडं ओढलं जातं. मी स्वतः शेजारच्या तिन्ही बिल्डिंगांत गेले, हात जोडले, त्यांच्या बोअर ठरल्या वेळी बंद ठेवायचं कबूल करून घेतलं. एका बाईंनी माझ्या तोंडावर दार लावलं. तरी पुन्हा गेले.

२० मार्च, बुधवार

सापडलं!

एकशेदोन फुटांवर. वरखाली सगळीकडं तार तापली, तिथं मात्र हटून गार. दोन थरांच्या मधली फट आहे, आणि त्या फटीतून पाणी नुसतं आहे असं नाही, चांगलं पळतंय. दुष्काळात! मार्च महिन्यात! मी पुन्हा तापवली, पुन्हा तेच. एकटीच गच्चीवर गेले आणि मोठ्यानं "हात्तिच्या" म्हणाले. का ते माहीत नाही. दुसरा शब्दच सुचला नाही.

स्वरालीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "आई, सगळं बंद ठेवून घेतलंस ना गं?"

"सगळे पंप बंद होते. सगळे."

"पंप सोडून दुसरं काही?"

दुसरं काय असणार? इथं कारखाना आहे का? पोरींना शिकवलं की त्या आपल्याच परीक्षा घेतात.

फक्त एका गोष्टीनं तोंड कडू झालं. नारळ उभा राहिला ती जागा आणि माझी जागा एकच. म्हणून मी नव्या बोअरची खूण पाच पावलं पूर्वेला केली. त्यानं काही बिघडत नाही, फट सगळीकडं पसरलेली आहे. पण नारळाचं ऐकलं, असं कुणी म्हणायला नको.

२२ मार्च, शुक्रवार

आता तार दिवसभर तापवत ठेवते आणि प्रवाहाचा वेग दर पाच मिनिटांनी बघते. अजब प्रकार आहे. सकाळी अकराच्या सुमारास वेग वाढतो, दुपारी ओसरतो, साडेपाचला पुन्हा वाढतो. बुधवारी तसंच, काल तसंच. दिवसातून दोन भरत्या.

भरत्या! चंद्रसूर्यामुळं समुद्राला भरती येते तशी जमिनीच्या कवचालाही किंचित येते, आणि खोल भूजल त्याला प्रतिसाद देतं. पुस्तकात शिकवलं होतं, डोळ्यांनी आज बघितलं. मेघमल्हारच्या आवारात चंद्राची ओढ मोजणारी मी पहिलीच असेन.

संध्याकाळची भरती मात्र आज आली नाही. यंत्र तापलं असेल. ओलं फडकं टाकून ठेवलं.

गयासभाई सकाळी भेटला. त्याचे रोजे चालू आहेत. दिवसभर लोकांना पाणी वाटतो, स्वतः थेंब घेत नाही. त्याला विचारलं, "आजही दोन खेपा ना?"

"जुम्मा है ना मॅडम. रमजानमधे शुक्रवारी एकच खेप. बाकी दिवशी साडेचारला येतोच की."

मी त्याला आतल्या नदीचं सांगितलं. त्याच्या मेहनतीवर पाणी पडणार, म्हणून जरा चाचरतच सांगितलं. तो मोठ्या मनाचा माणूस. म्हणाला, "अल्ला देगा तो सबको देगा. मेरेकू बी दिया. खालच्या अंगाला नाल्यापलीकडं माझी विहीर आहे, मॅडम, मागच्या दुष्काळात तळ दिसला होता. यंदा जेवढं उपसतो तेवढं दुसऱ्या दिवशी परत. जानेवारीपासून हेच. म्हणूनच तर दुसरा टँकर घेतला, आमच्या पोरीचा, खुशनुमाचा, नवरा चालवतो तो."

"म्हणजे माझीच नदी तुमच्याकडं जातेय," मी म्हणाले.

"असेल," म्हणाला. "फक्त पाण्याला आजकल दवाखान्यासारखा वास येतो थोडा. आमची बायको म्हणते, पाक पाणी आहे."

खनिजं असतील.

२६ मार्च, मंगळवार

काल धुळवड, सोसायटीत सगळे कोरडी खेळले. पौर्णिमाही होती. भरती जास्त असायला हवी होती, तर रोजच्याएवढीच. आणि वेळ? खऱ्या भरतीची वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते. माझी दोन्ही वेळा घड्याळ लावल्यासारखी तिथंच. अकरा आणि साडेपाच. स्वरालीला कळवलं नाही. ती नाही ते विचारत बसेल.

बेसाल्टचं गणित वेगळं असतं, असं तूर्त धरून चालते.

२९ मार्च, शुक्रवार

संध्याकाळची भरती आजही नाही. यंत्राला शुक्रवार आवडत नसावा.

३१ मार्च, रविवार

सभा झाली. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली सभा. भिंतीवर आलेख दाखवला. एकशेदोन फुटांवर निळी रेघ. बद्रीनाथरावांनी स्वतः उठून सांगितलं, "मॅडमनी भूगर्भातली नदी शोधलीय." कुणीतरी वार्ताहराला बोलावलं होतं. त्यानं विचारलं, नदीचं नाव काय ठेवणार? वच्छलाबाई तत्काळ म्हणाल्या, "गुप्तगंगा!"

मी म्हणाले, नदी नाही, फटीतला प्रवाह आहे. वार्ताहरानं "नदी" लिहून घेतलं.

नवी बोअर पाडव्याला घ्यायची ठरली, ९ तारखेला. साडेतीन मुहूर्तांतला एक. बोअर पाडणाऱ्या सेलमच्या गाडीला आगाऊ सांगून झालं. ठराव एकमतानं मंजूर. एकमतानं! इथं दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या रंगावर मतदान घ्यावं लागतं.

घरी आले, नवऱ्याच्या, मधुसूदनच्या फोटोसमोर उभी राहिले. २०१३ मध्ये तो होता. लोक बोलायचे तेव्हा तो जेवताना मुद्दाम दुसरे विषय काढायचा. त्याला आज सांगायला पाहिजे होतं. रडले थोडी.

३ एप्रिल, बुधवार

गयासभाईचा टँकर बंद पडला, क्लच गेला. दुसरा बिडकीनला कुठल्या तरी बांधकामावर अडकलाय. काल सकाळपासून खेप नाही. सोसायटीत हाहाकार. वच्छलाबाई बादली घेऊन माझ्याकडं आल्या, "नीरजाताई, तुमच्या नदीला सांगा ना जरा लवकर यायला."

यंत्रही बिघडलं. कालपासून एकशेदोन फुटांवर तार तापतेय, सगळीकडं तापते तशीच. प्रवाह शून्य. मी तार उपसली, पुसली, परत सोडली. शून्य.

४ एप्रिल, गुरुवार

टँकर दुरुस्त होऊन दहाला आला. अकराला प्रवाह आला.

मी खुर्चीवर बसून राहिले. मग गेटवर गेले आणि सांडूची वही मागितली. गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद असते तीत. टँकर सकाळी दहा. टँकर दुपारी साडेचार. शुक्रवारी फक्त दहा.

आलेखावर ती वही ठेवली. बरोबर एका तासाच्या फरकानं, मेली एकेक मिनिटाला जुळली.

५ एप्रिल, शुक्रवार

तरी खात्री करायची म्हणून काल रात्री हौद भरल्यावर सांडूला सगळे व्हॉल्व्ह बंद करायला लावले आणि भिंतीवर खडूची रेघ मारली. सकाळी पाणी दोन हात खाली. कुणी थेंब वापरलेला नव्हता.

हौद फुटलाय. तळातून पाणी कातळात जातंय, एकशेदोन फुटांवरच्या फटीतून वाहतंय आणि उताराच्या बाजूला गयासच्या विहिरीत निघतंय. गयास ते उपसून टँकरमधून आम्हाला आणून देतो. आम्ही त्यात ब्लीचिंग पावडर टाकतो, हौदात सोडतो. परत तेच. दवाखान्याचा वास!

मी जगातलं महागातलं महाग यंत्र लावून, तीन बिल्डिंगांचे पंप बंद करून, आमच्याच टँकरचं पाणी मोजलं. पंप बंद केले, कारण पंप पाणी ओढतो. टँकर पाणी देतो. देणाऱ्याला बंद करायचं कुणाच्या डोक्यात येतं? शरम वाटते.

६ एप्रिल, शनिवार

आजचं खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

मी गप्प बसू शकते. मंगळवारी बोअर घेतली तर एकशेदोन फुटांवर पाणी लागणार. नक्की लागणार. आमचंच लागणार, पण लागणार. लोक हार घालतील. मॅडमची बोअर हा शब्द त्या दिवशी मरेल. नंतर काही झालं तर दुष्काळ आहे, निसर्ग आहे.

दिवसभर हाच विचार केला. कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी गयास गेटवर दिसला तर मी पडद्याआड झाले.

७ एप्रिल, रविवार

स्वरालीला फोन करून सगळं ओकून टाकलं. तिकडून हसू. मी म्हणाले हस, हस.

"अगं आई, तुला कळतंय का? यंत्र बरोबर चाललं! तू जमिनीखालची गळती मिनिटाच्या हिशेबात पकडलीस. आम्हाला इथं हे जमलं नाहीये."

"मला नदी हवी होती," मी म्हणाले.

"माहितीये," म्हणाली. फोन ठेवताना म्हणाली, "सांगून टाक त्यांना. तू सांगशीलच म्हणा."

संध्याकाळी बद्रीनाथरावांकडं लेखी पत्र घेऊन गेले. त्यांनी वाचलं, घडी घातली, चष्मा काढला. "मॅडम, गाडी निघालीय सेलमहून. मुहूर्त ठरलाय. पेपरात आलंय. आणि आता तुम्ही म्हणता नदी नाही?"

"नव्हतीच. हौद रिकामा करून भेग बुजवा. अर्धं पाणी वाचेल. बोअरची गरजच पडणार नाही."

"पण खाली पाणी आहे ना?"

"आहे. आपलं आहे."

"मग आपलंच आहे की!" म्हणाले आणि हसले. "तुम्ही फार ताण घेतलाय. पाडव्यापर्यंत असं अभद्र बोलू नका बरं का कुणाजवळ."

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गाडीपुढं नारळ फुटला. कुठल्याशा फ्लॅटमधून श्रीखंडाची वाटी आली. गाडीवरच्या माणसांना मराठी येईना, आमच्या लोकांना तमिळ. तरी दोन्ही बाजूंनी भरपूर सूचना दिल्या गेल्या. बोअर कुठं? पुंडलिकाच्या नारळावर, माझ्या खुणेवर नाही. बद्रीनाथराव म्हणाले, "जागा एकच तर आहे."

ऐंशी फूट, कोरडी भुकटी. नव्वद, भुकटी. एकशेदोनला आतून असा आवाज आला की वच्छलाबाई मागं सरकल्या, आणि पाणी चिखलासकट दुसऱ्या मजल्यापर्यंत उडालं. लोक भिजले, नाचले. एका बाईनं ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "किती शुद्ध आहे बाई, औषधासारखा वास येतो!"

मला आणि पुंडलिकाला शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसवून शाली घातल्या, एकाच जोडीतल्या. मी उठून बोलले. खरंच बोलले. "हे पाणी आपल्या हौदातलं आहे, हौद फुटलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथराव माइकवर म्हणाले, "हा मॅडमचा विनय!" मग दुसरा हार आला. आणि मी तो घालून घेतला. मान पुढं केली मी, हेही लिहून ठेवते.

पुंडलिक हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं यंत्र बी नारळावाणीच हाय की. लांबीला लई जास्त, इतकंच."

उद्यापासून टँकर बंद, असं तिथंच जाहीर झालं. एकमतानं.

११ एप्रिल, गुरुवार, ईद

टँकर बंद केला तरी गयास शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. नवा पांढरा कुर्ता. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. हौद, भेग, फट, त्याची विहीर. कागदावर चित्र काढून दाखवलं.

तो चित्राकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजे जानेवारीपासून मी तुमचंच पाणी तुम्हाला आणून देत होतो?"

"हो."

"रोजे में?"

मी मान डोलावली. मग त्यानं सांगितलं, कालपासून विहीर दोन परस, म्हणजे दोन पुरुषउंची, खाली गेलीय. नवी बोअर वाटेतच पाणी अडवते, खाली काही पोचत नाही. आता त्याचे दोन टँकर दारात उभे.

"जावयाला काय सांगू?" म्हणाला. "शीरखुर्मा खा मॅडम, थंडा हो जाएगा."

मी खाल्ला. गोड लागला, त्याचंही वाईट वाटलं.

१५ एप्रिल, सोमवार

सोसायटीत आनंद. बोअरचं पाणी उपसून हौदात टाकतात, हौदातलं निम्मं कातळात जातं आणि परत बोअरमधून वर येतं. आमच्या आवारात पाणी नुसतं प्रदक्षिणा घालतंय, आणि प्रत्येक फेरीला बेचाळीस घरं त्यातलं थोडं वापरतात. हे किती दिवस पुरेल, ते शाळेतलं पोर सांगेल. मी परत पत्र दिलं. पोच मिळाली.

लोकांनी गाड्या धुतल्या.

१९ एप्रिल, शुक्रवार

बोअर सकाळी सात मिनिटं चालली, मग हवा ओकायला लागली. दुपारी चार मिनिटं. संध्याकाळी नाही.

२१ एप्रिल, रविवार

सभा. मला वाटलं, आता तरी ऐकतील. आलेख घेऊन गेले, सांडूची वहीसुद्धा घेऊन गेले.

वच्छलाबाई मला बघून रडायलाच लागल्या. "नीरजाताई, भर पाडव्याला शाल अंगावर असताना तुम्ही म्हणालात, हे पाणी खरं नाही. असं बोलतात का? गंगा रुसली बघा."

मला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, "दोनदा लेखी पण दिलं होतं म्हणे." बद्रीनाथरावांनी मान खाली घातली. त्यांच्याकडं ती दोन पत्रं होती, आणि आता ती माझ्याविरुद्धचा पुरावा झाली होती. यंत्र चुकलं असतं तर चाललं असतं, मी खोटं बोलले असते तरी चाललं असतं. मी खरं बोलले, म्हणून बोअर आटली.

ठराव: मंगळवारी, हनुमान जयंतीला, बोअरची शांती करायची. गयासभाईला पुन्हा बोलवायचं. हौदाच्या दुरुस्तीचा विषय वेळेअभावी पुढं ढकलला.

इतका संताप आला की जिना चढताना दोनदा थांबावं लागलं.

२३ एप्रिल, मंगळवार

गयासची विहीर कोरडी. आता तो बिडकीनच्याही पलीकडून पाणी आणणार, दिवसाला एकच खेप जमेल म्हणाला. पहिली खेप घेऊन आज नऊला आला. बोअरजवळ भटजी, कलश, सगळी सोसायटी. गेटपाशी फक्त मी. मी त्याला म्हणाले, "सोडू नका पाणी. आधी हौद बघू. आत्ता कोरडा आहे, परत असा सापडणार नाही."

त्यानं पाइप खाली ठेवला. "चला," म्हणाला.

साडी खोचून शिडीनं उतरले. एकसष्टाव्या वर्षी. बॅटरी लावली. ईशान्येच्या कोपऱ्यात, तळ आणि भिंत मिळतात तिथं गिलावा गेलेला, खालचा मुरूम वाहून गेलेला आणि कातळात काळी फट. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. आतून गार हवा लागली. हीच ती माझी नदी.

गयास वर जाऊन सिमेंटची गोणी आणि घमेलं घेऊन आला. टँकरमध्ये ठेवतो म्हणे तो, त्याच्या विहिरीच्या कठड्याला लागतं. खाली उकिडवा बसला आणि कालवायला लागला.

मला राहवेना. "गयासभाई, हे बुजलं की तुमची विहीर कायमची गेली. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की."

"मग?"

त्याचा हात थांबला नाही. "विहीर आटली असती तर रडलो असतो मॅडम. पण ती विहीर होतीच कुठं? तुमची गळती होती. आता मी चाळीस किलोमीटरवरून एक खेप आणणार, आणि ती बी जमिनीला पाजायची? गुनाह है. निदान आणलेलं तरी लोकांच्या पोटात जाऊ द्या."

मग मी रडले. त्याच्यासमोर, हौदात बसून, मोठ्यानं. त्यानं सिमेंटचा गोळा करून माझ्या हातात दिला. आम्ही दोघं भरत गेलो. भेग खोल, गिळतच होती.

वरून आरतीचा आवाज थांबला. झाकणातून बद्रीनाथरावांचं डोकं आत आलं, कपाळाला ताजं गंध.

"मॅडम! तीर्थप्रसाद घ्यायला या वर. सगळे थांबलेत." मग त्यांना घमेलं दिसलं. "अहो, हे काय करताय? ती भेग बुजवू नका! गुरुजी म्हणाले, गंगा इथूनच परत यायची शक्यता आहे."

गयासनं माझ्याकडं बघितलं.

"आलेच," मी वर बघून म्हणाले, आणि उरलेला गोळा फटीत दोन्ही तळव्यांनी दाबून बसवला.